मरळ, शिवडा, चिलापी : तिन्ही माशांसाठी तीनच लूर (नकली आमिषं) घ्यायचे तर कोणते? मदत हवी आहे

राम राम मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. घरामागं मामा (माजी मालगुजारी) तलाव, थोड्या अंतरावर वैनगंगा. आजवर गांडूळ अन् कणकेच्या गोळीवर गळ टाकला. यंदा ७ फुटी रॉड घेतला, मीडियम हेवी (जरा कडक), ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी.

मागच्या महिन्यात ऑनलाइन स्वस्तातला लूरचा डबा मागवला अन् फसलो. पहिल्याच दिवशी क्रँकबेट (ओढला की बुडी मारणारा, मासोळीच्या आकाराचा लूर) कमळाच्या देठात अडकला, दुसरा बेशरमाच्या झुडपात. तिसरा ओढून काढला तं तिहेरी गळ सरळ होऊन हातात आला, बाप्पा! मरळ मात्र समोरच वर येऊन हवा घेत होती.

आता मोजकेच घ्यायचे आहेत. शेवाळ-कमळासाठी रबरी बेडूक घेणार हे नक्की, त्याचे गळ अंगाला चिकटून असतात म्हणून कमी अडकतो. नदीच्या डोहातल्या शिवड्यासाठी १५ ग्रॅमचा चमचा (धातूच्या पत्र्याचा लूर) बरा, की जिग हेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) शेपटी हलवणारी रबरी मासोळी? माझा कल मासोळीकडं आहे, कारण वजन बदललं की तीच उथळातही चालते. चिलापीला लहान स्पिनर (फिरत्या पात्याचा लूर) पुरेल का? अन् पुराच्या गढूळ पाण्यात रंग कोणता?

तलाव मच्छीमार सोसायटीकडं आहे, परवानगी काढली आहे. लालसर पिल्लांचा थवा घेऊन फिरणाऱ्या मरळीवर मी लूर टाकत नाही, तो सल्ला नको.