नेफ्रोटिक झालेल्या लेकराची गोळी बंद केली तर चालेल का?

जिंतूरची आई: पोरगा पाच वर्षांचा. परभणीत नेफ्रोटिक सिंड्रोम निघालं, म्हणजे किडनीतून प्रोटीन लघवीत गळायचा आजार. आता सूज उतरली, लघवीतलं प्रोटीन थांबलं. पण गोळीनं गाल फुगलेत अन् दिवसभर खायला मागायलाय. सासूबाई म्हणायल्यात, बरा झालाय तर गोळी बंद कर, डाळ-अंडी पण देऊ नको, किडनीवर ताण येतो. रोज वाद व्हायलाय. काय करावं?

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई: ताई, गोळी मधेच तोडू नका. पहिल्या वेळी प्रेडनिसोलोन, म्हणजे ही स्टिरॉइडची गोळी, साधारण 6 आठवडे रोज, मग 6 आठवडे दिवसाआड असतं. एकदम थांबवली तर लेकरू गळून पडतं, कारण अंगात स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. सकाळी खाऊ घालून मगच द्या. गाल नंतर उतरतात.

डाळ, अंडं, दूध वयाप्रमाणं चालू द्या. आवरायचं ते मीठ. भाकरीत तसंही कुठं असतं? घोळ होतो लोणचं, पापड, कुरडया अन् दुकानातल्या पाच रुपयांच्या पुडीनं. पुडी बहुतेक आजीच आणून देते, हे आम्ही वॉर्डात लई बघितलंय!

अन् सूज दिसायची वाट बघू नका, लघवी आधी सांगते. उठल्याबरोबरच्या लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवा, डब्यावरच्या रंगाशी ताडा, वहीत लिहा. सलग 3 दिवस पट्टीवर प्रोटीन 3+ किंवा जास्त आलं की आजार उलटला समजा अन् डॉक्टर गाठा. सर्दी-तापात उलटायची शक्यता जास्त, तेव्हा एकही सकाळ चुकवू नका. ताप अन् पोटदुखी सोबत आली, किंवा लघवी एकदम कमी झाली, तर रात्र असली तरी निघा. कांजण्या झालेल्या पोराजवळ गेला असेल तर लगेच कळवा. पोलिओचे थेंबसुद्धा विचारून.

औंढ्याचा बाप: पट्ट्या महाग पडतात हो.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई: मग काचेची नळी घ्या. नळीच्या तीन भागांपैकी दोन भाग लघवी भरा, फक्त वरचा भाग दिव्यावर तापवा. गढूळ झाली तर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका. गढूळपणा गेला तर ठीक, राहिला तर प्रोटीन आहे. तापवताना नळीचं तोंड लेकराकडं नको.

जिंतूरची आई: आमचा पट्ट्यांचा डबा न्हाणीघरात उघडाच असतो.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई: दमट हवेनं पट्ट्या खराब होतात, रंग खोटा दाखवतात. नवीन डबा आणा, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. अन् सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या, मीठ-गोळीचं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.