मदत हवी आहे: चॉकलेट सिस्ट, गोळ्या आणि दिवस राहणं

ताईंनो, मी जुळे सोलापूरची, वय 31. एंडोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार), डाव्या अंडाशयात 3 सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. डॉक्टरांनी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी 2 मिग्रॅ सहा महिने लिहून दिलीय. दुखणं खरंच थांबलं, नाहीतर पाळीत दोन दिवस अंथरूण धरायचे. पण ही गोळी स्त्रीबीज फुटणंच थांबवते, आणि बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते असंही नाही, असं दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून लेट्रोझोल (स्त्रीबीज तयार व्हायला मदत करणारी गोळी) आणि आययूआय (नवऱ्याचं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) सुचवलं. सासूबाई म्हणतात, सिद्धरामेश्वराला नवस बोल. तोही बोललेय!

कुणी गोळी बंद करून लेट्रोझोल घेतलंय का? की आधी दुर्बिणीचं ऑपरेशन केलंत? पुण्याच्या फेऱ्या झेपणार नाहीत, सोलापुरातलाच अनुभव सांगा.