कार्ल जेंकिन्स यांचे समूहगान खेड्यातील मुलांना शिकवता येईल का?

पेटीमास्तर (वणी तालुका)

सर्वांना नमस्कार. मी वणी तालुक्यातील एका खेड्यात शाळाशिक्षक आहे आणि संध्याकाळी मुलांचे भजनी मंडळ चालवतो. एक पेटी, दोन खंजिऱ्या, टाळांचे चार जोड आणि शाई उडालेला एक तबला एवढाच आमचा संसार आहे. गेल्या महिन्यात पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने 'आदिएमुस' नावाचे एक समूहगान मोबाइलवर पाठवले आणि ते मी भजनानंतर मुलांना ऐकवले. मुले एरवी पाच मिनिटे स्थिर बसत नाहीत, पण त्या दिवशी बसली. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे कोन्या भाषेतलं होय?" मला ते लॅटिन वाटले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी संगीतकार ब्रिटनमधील वेल्सचे आहेत असे वाचल्यामुळे ती वेल्श भाषा ठरवली. दोघांचेही मन त्यावर बसले नाही.

ही भाषा कोणती, हे जेंकिन्स कोण आणि त्यांच्या कामापैकी काही आमच्या मुलांना गाता येण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. मला पाश्चात्त्य पाच रेघांची स्वरलिपी वाचता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

सारंगी (अमरावती)

गुरुजी, तुम्ही दोघेही चुकलात, पण त्यात तुमचा दोष नाही, कारण ती कोणतीच भाषा नाही. जेंकिन्स यांनी ते शब्द स्वतः रचले आहेत आणि त्यांना अर्थ नाही. मानवी गळा हे वाद्यासारखे वापरता यावे, ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दार्थाकडे न जाता नादाकडे जावे, एवढाच त्यामागील हेतू होता. मुलांना समजावताना तराणा गाऊन दाखवा. 'तोम तनन, दिर दिर दानी' हे आपण पिढ्यान्पिढ्या गात आलो आहोत आणि मैफलीत कोणी त्याचा अर्थ विचारत नाही. फरक एवढाच की तराणा एकट्या गायकाच्या तयारीचा असतो, तर 'आदिएमुस' हे अनेक आवाजांच्या थरांवर उभे आहे. मूळ ध्वनिमुद्रणात मिरियम स्टॉकली या गायिकेचा आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित करून समूहाचा भास निर्माण केला आहे. हे गीत ज्यात आहे तो संग्रह 1995 साली प्रसिद्ध झाला.

आता माणसाविषयी. कार्ल जेंकिन्स यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1944 रोजी दक्षिण वेल्समधील गावर द्वीपकल्पावरच्या पेनक्लाउद या गावी झाला. हे खाडीकाठचे गाव शिंपल्यांसाठी प्रसिद्ध आहे. ओहोटीच्या वेळी तेथील बायका गाढवे घेऊन वाळूत उतरत आणि शिंपले वेचून आणत. वडील वेल्श, आई स्वीडिश वंशाची, आणि ती मुलाच्या लहानपणीच वारली. वडील गावात शिक्षक होते आणि चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवून तेथील गायनमंडळही चालवत, म्हणजे गुरुजी, साधारण तुमचेच काम करत. कार्लला संगीताचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. वेल्समधील चॅपेल म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हे. खाणकामगार, शेतकरी आणि दुकानदार आठवड्यातून एकदा तेथे जमून तीन-चार आवाजांत स्तोत्रे गात. त्यांतील कित्येकांना पाच रेघांची लिपी वाचता येत नसे. ते 'टॉनिक सोल्-फा' नावाच्या अक्षरलिपीवरून गात, जी आपल्या सारेगमसारखीच सापेक्ष स्वरांची लिपी आहे. तेव्हा तुमची अडचण ही त्यांचीही अडचण होती आणि तिच्यावर त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तोड काढली होती.

पुढे जेंकिन्स यांनी ओबो हे वाद्य हाती घेतले. आपल्या सनईप्रमाणेच ते दुहेरी पत्तीतून फुंकून वाजवायचे असते. वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात ते ओबो वाजवत. कार्डिफ विद्यापीठ आणि नंतर लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक येथे शिक्षण झाले. एवढ्यावरून सरळ अभिजात संगीताची वाट अपेक्षित असताना हा गृहस्थ जॅझकडे वळला. 'न्यूक्लिअस' या गटाच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि 1970 मध्ये त्या गटाने स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो जॅझ महोत्सवात पहिले पारितोषिक मिळवले. 1972 मध्ये ते 'सॉफ्ट मशीन' या गटात गेले आणि तेथे सॅक्सोफोन, ओबो व कळफलकाची वाद्ये वाजवू लागले. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी जाहिरातींसाठी संगीत केले. 'आदिएमुस'ची मूळ धूनही एका अमेरिकन विमान कंपनीच्या जाहिरातीसाठीच होती.

रोखठोक (दारव्हा)

सारंगीताईंच्या माहितीबद्दल आदर आहे, पण त्यांनी जाहिरातींचा मुद्दा एका वाक्यात उरकला, म्हणून लिहितो. तंतुवाद्यांसाठी लिहिलेली त्यांची 'पॅलेडिओ' ही रचना सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुरचनाकार आंद्रेआ पॅलाडिओ याच्या नावाने ओळखली जाते, आणि त्या नावामुळे प्रमाणबद्धतेच्या मोठ्या गोष्टी बोलल्या जातात. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या भागाची धून लोकांच्या कानांत बसली ती हिऱ्यांच्या जाहिरातीमुळे. एकच लहानसा स्वरसमूह पुन्हा पुन्हा फिरवायचा, खाली ताशासारखा ठेका ठेवायचा आणि दर काही आवर्तनांनी आवाज वाढवायचा, ही जाहिरातवाल्याची युक्ती आहे. पाश्चात्त्य समीक्षकांपैकी अनेकांनीही हाच आक्षेप घेतला आहे. लोकप्रियता हा अभिजातपणाचा दाखला नव्हे. मुलांना शिकवायचेच असेल तर जर्मन संगीतकार बाख शिकवावा.

आडवाट (सेलू, जि. वर्धा)

रोखठोक भाऊ, तुमचा आक्षेप अर्धा मान्य आहे. त्यांच्या काही रचना एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात आणि एक ऐकल्यावर दुसरीत पुढे काय येणार ते कळते. पण पुनरावृत्तीचा दोष काढताना आपण कोठे बसलो आहोत याचाही विचार करावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाचे ध्रुवपद खंजिरीच्या ठेक्यावर दहा वेळा फिरते, तेव्हा त्याला कोणी युक्ती म्हणत नाही; ते गाणे मागे बसलेल्या माणसालाही तोंडात घेता यावे म्हणून तसे बांधलेले असते. जेंकिन्स यांचे संगीतही मला तशाच बांधणीचे वाटते. ज्याने लहानपणी वडिलांच्या मागे बसून गावाचे गाणे ऐकले, त्याला सर्वांत मागच्या रांगेचा विसर पडत नाही.

आणि केवळ 'पॅलेडिओ'वरून त्यांना तोलू नये. 'द आर्म्ड मॅन' ही शांततेसाठीची प्रार्थना ऐकावी. ती लिहवून घेतली ब्रिटनच्या शस्त्रास्त्रांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने, नव्या सहस्रकाच्या निमित्ताने. तलवारी आणि तोफा जपणाऱ्या संस्थेने युद्धाविरुद्धचे संगीत मागावे, हीच मुळात विचार करण्यासारखी गोष्ट आहे. 25 एप्रिल 2000 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला आणि ती कोसोव्हो युद्धातील बळींना अर्पण केलेली आहे. तिचे ध्वनिमुद्रण 10 सप्टेंबर 2001 रोजी बाजारात आले, म्हणजे न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी.

एकूण तेरा भाग आहेत. सुरुवात सैनिकांच्या पावलांच्या ठेक्यावर, सशस्त्र माणसाची भीती सांगणाऱ्या पंधराव्या शतकातील फ्रेंच गीताने होते आणि लगेच दुसऱ्या भागात अजान येते. ख्रिस्ती प्रार्थनेच्या सांगाड्यात अजान बसवणे सोपे नव्हते. पुढे लढाईचा भाग किंकाळ्यांच्या कल्लोळात संपतो आणि मग दीर्घ शांतता पसरते. त्यानंतर हिरोशिमाचा अणुबॉम्ब अनुभवलेले कवी तोगे सांकिची यांची कविता येते. आणि नववा भाग, ज्याचे नाव 'मशाली' असे आहे, तो आपल्या महाभारतातून घेतलेला आहे. आदिपर्वातील खांडवदहन! आपल्याकडच्या कीर्तनात खांडववनाचा प्रसंग आला की कथा गांडीव धनुष्याकडे आणि मयसभेकडे वळते. होरपळणाऱ्या प्राण्यांजवळ बुवा फार वेळ थांबत नाहीत. जेंकिन्स यांनी मात्र नेमके तेच घेतले आहे. चहूकडे धावणारी जनावरे, पिलांना आणि आईबापांना बिलगून तसेच जळणारे जीव, धगीने बाहेर आलेले डोळे. ज्यांनी उन्हाळ्यात आपल्या जंगलातला वणवा जवळून पाहिला आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. हिरोशिमाच्या शेजारी खांडववन ठेवण्याची ही निवड जाहिरातवाल्याची नव्हे, एवढे तरी भाऊंनी मान्य करावे.

आमच्या जिल्ह्याचा म्हणून आणखी एक संदर्भ देतो. 'द पीसमेकर्स' ही त्यांची रचना जानेवारी 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. तिच्यात गांधीजी, मार्टिन ल्यूथर किंग, नेल्सन मंडेला, दलाई लामा यांच्या वचनांना संगीत दिले आहे आणि गांधीजींच्या भागात बासरी व तबला वाजतो. सेवाग्राम माझ्या घरापासून फार दूर नाही. तेथील प्रार्थनेची जागा मी लहानपणापासून पाहिली असल्यामुळे तो भाग मला जरा सजवलेला वाटला, पण मुलांना ऐकवायला तो चांगला आहे.

कोळशाची धूळ (घुग्घुस)

वरील चर्चेत एका रचनेचा उल्लेख राहिला, तो मला करावासा वाटतो. मी खाणीत काम केले आहे आणि आमच्या वस्तीच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या अंगावर ओघळी पडतात आणि आम्ही त्यांच्याकडे सवयीने पाहतो.

दक्षिण वेल्समध्ये आबरव्हान नावाचे खाणीचे गाव आहे. (वेल्श लिपीत 'एफ'चा उच्चार 'व्ह' होतो, त्यामुळे इंग्रजी लेखनावरून वाचणारे हे नाव हमखास चुकवतात.) 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, शाळा नुकतीच भरली असताना, डोंगरावर टाकलेला खाणीचा ढिगारा पाण्याने सैल होऊन खाली सरकला आणि प्राथमिक शाळेवर आला. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गेली. ढिगारा जेथे रचला होता, त्याच्याखाली झरा होता. चौकशी आयोगाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी धरले. पुढची गोष्ट मला अधिक लागली: उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी, लोकांनी पीडितांकरिता जमवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ती रक्कम परत मिळण्यासाठी 1997 साल उजाडावे लागले.

या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 8 ऑक्टोबर 2016 रोजी, कार्डिफमध्ये जेंकिन्स यांची 'कँटाटा मेमोरिया' सादर झाली. शब्द वेल्श कवयित्री मेरेरिड हॉपवुड यांचे आहेत. त्यात मुलांचा गायकवृंद आहे, गायक ब्रिन टेर्व्हेल आणि हार्पवादक कॅट्रिन फिंच यांनी पहिल्या प्रयोगात भाग घेतला होता. रचना दुःखाने सुरू होते, पण तेथेच थांबत नाही. उत्तरार्धात ती प्रकाशाकडे आणि त्या मुलांच्या बालपणाकडे वळते. मला संगीतातले फारसे कळत नाही, मात्र मुलांचे आवाज सुरू झाले तेव्हा मी मोबाइल बंद करून अंगणात आलो. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी ऐकला. गुरुजी, तुमचेही गाव खाणींच्या पट्ट्यातलेच दिसते. हे मुलांना ऐकवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

रोखठोक (दारव्हा)

खांडवदहनाची गोष्ट मला माहीत नव्हती. तो भाग ऐकला आणि 'द आर्म्ड मॅन'मधलाच त्यानंतरचा 'बेनेडिक्टस' हा भागही ऐकला. त्यातील सुरुवातीचे सेलो या तंतुवाद्याचे एकल वादन उत्तम आहे. मध्येच ढोल घेऊन गायकवृंद अंगावर येतो ते मला आवडले नाही. बाखविषयीचे माझे मत कायम आहे.

सारंगी (अमरावती)

गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. 'आदिएमुस'पासूनच सुरुवात करा, कारण शब्दांचा अर्थ नसल्यामुळे उच्चारांची भीती राहत नाही. आधी सर्वांना मुख्य चाल एकत्र पाठ होऊ द्या. मग निम्म्या मुलांना फक्त षड्ज धरायला लावून बाकीच्यांकडून चाल म्हणवून घ्या. दोन आवाज एका वेळी टिकवण्याची सवय आपल्या मुलांना नसते; ती एकदा लागली की पुढचे दार आपोआप उघडते. मी सारेगममध्ये लिहून पाठवू शकते. वर्गात शिकणे वेगळे, परंतु गावाबाहेर जाहीर कार्यक्रमात गाणार असाल तर प्रकाशकाची परवानगी लागते हे लक्षात ठेवावे. त्यांच्या रचना 'बूझी अँड हॉक्स' ही संस्था प्रकाशित करते.

पेटीमास्तर (वणी तालुका)

सर्वांचे आभार. काल मुलांना तराणा आणि 'आदिएमुस' एकापाठोपाठ ऐकवले. ज्या मुलीने भाषा विचारली होती तिने, ही कोणाचीच भाषा नसेल तर चुकेल कशी, असे म्हणून सर्वांत आधी तोंड उघडले. षड्ज धरणारी मुले दुसऱ्याच ओळीला चालीकडे ओढली गेली, तेव्हा त्यांना इतरांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसवले आणि मग थोडे जमले. आबरव्हानची हकीकत मी मोठ्या मुलांना सांगितली. रचना अजून ऐकवलेली नाही, कारण आमच्या शाळेच्या खिडकीतून मातीचा डोंगर दिसतो.

सारंगीताई, सारेगम अवश्य पाठवा. आवाज कोवळे आहेत आणि पेटी जुनी आहे, तेव्हा पट्टी पांढरी चार ठेवावी की काळी चार, तेही त्यासोबत कळवावे.