हँगरमधल्या स्वतःच्या टूलपेट्यांचा हिशोब कसा ठेवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे विमान दुरुस्तीच्या क्षेत्रातले काही जण आहेत, म्हणून विचारते. मी राज्यातल्या एका छोट्या हँगरमध्ये टेक्निशियन आहे. प्रशिक्षणाची सेसना १७२ विमानं, आम्ही सहा जण आणि एक एएमई (परवानाधारक विमान देखभाल अभियंता) सर.

गेल्या आठवड्यात एक विमान शंभर तासांच्या तपासणीला आलं. बॅगेज कप्प्यामागचं पॅनल काढून आत टॉर्च मारला, तर एलिव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) केबलपासून चार बोटांवर ७/१६ इंची पान्हा पडलेला. त्यावर धुळीचा थर. उचलला तर खाली पत्र्यावर त्याचा स्वच्छ आकार उमटलेला. बरेच दिवस तो तिथे होता आणि विमान मुलांना घेऊन रोज उडत होतं. तो सरकून केबल आणि पुलीच्या मध्ये अडकला असता तर काय झालं असतं, ते लिहायला हात धजत नाही.

सरांनी लगेच रीतसर कळवलं, बाकीची विमानंही उघडून पाहिली. सुदैवाने आणखी काही मिळालं नाही. पण पान्हा हरवलाय हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, याने मला झोप लागत नाहीये. त्यावर नंबर नाही, कोणाचा तेही ठरत नाही.

सामायिक अवजारांना शॅडो बोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक अवजाराचा आकार रंगवलेला फळा, रिकामी जागा लांबूनच दिसते. घोडं अडतं ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पेटीपाशी. रजिस्टर सुरू करून पाहिलं, दहा दिवसांत सगळे संध्याकाळी एकदम सह्या ठोकायला लागले. रंगीत टेप गुंडाळली, ती तेलाने सुटते आणि तिचा तुकडाच विमानात पडायची भीती. ज्येष्ठ काका म्हणतात, "वीस वर्षं हीच पेटी वापरतोय, हत्यारं पाठ आहेत मला." त्यांच्याकडूनच मी काम शिकले, त्यांना दुखवायचं नाही.

मोठ्या ठिकाणीही हे घडतं. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए३८० च्या इंजिनात बोरोस्कोप (आत घालून पाहायचा बारीक कॅमेरा) तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं टूल राहिलं आणि विमान ३४ उड्डाणं, २९४ तास उडलं. तिथे टूल परत आलेलं नाही हे कळलं होतं, शोधलंही होतं, पण हरवलेल्या टूलची ठरलेली कार्यपद्धती सुरू न करताच विमान सोडलं गेलं. आमच्याकडे तर हरवल्याचं कळण्याचीच सोय नाही.

मोठा खर्च न करता स्वतःच्या पेट्यांना शिस्त कशी लावता? आणि लॉकवायरच्या (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) कापलेल्या तुकड्यांचं काय करता?

प्रतिसाद १:
ताई, मी एअरलाइनच्या हँगरमध्ये आहे. तुमचं मोजणं चुकीच्या वेळी होतंय. दिवस संपताना नाही, पॅनल बंद करायच्या आधी मोजा. एकदा स्क्रू लागले की पुन्हा उघडायला सगळ्यांच्या जिवावर येतं. टेप काढून टाका, एनग्रेव्हरने प्रत्येक नगावर पेटीचा नंबर कोरा. खणात दुरंगी फोम कापून बसवा, वर काळा, खाली पिवळा. नग नसला की पिवळं दिसतं. पूर्ण पेटी विमानापाशी नेऊच नका, लागतील तेवढे आठ-दहा नग ट्रेमध्ये काढा, यादी जॉब कार्डला लावा. वायर कापताना सुटं टोक पकडीत धरूनच कापायचं, तुकडा थेट डब्यात. स्क्रूड्रायव्हरचा बिट तुटला तर दोन्ही तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. ट्रेची कल्पना काकांनाही पटेल, कारण त्यात त्यांच्या पेटीला कोणी हात लावत नाही. फोम उद्याच मागवते. एक विचारायचं राहिलं: अर्धं काम दुसऱ्या पाळीला द्यायचं असेल तर ट्रे तसाच सोपवता, की रिकामा करून नव्याने भरता?