मदत हवी आहे: उंदीर जास्त पळतो, मग सिनॅप्स अशक्त कसा?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची, एम.एस्सी. दुसरं वर्ष, कॉलेज वाशीला. शुक्रवारी सेमिनार आहे: वारंवार कोकेन दिल्यावर उंदरांचं वागणं आणि सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) कसे बदलतात. विषय मीच हौसेने मागून घेतला, त्यामुळे आता रडायची सोय नाही.

वागण्याचा भाग कळला. डोस रोज तेवढाच, तरी पाचव्या दिवशी उंदीर पहिल्या दिवसापेक्षा जास्त पळतो. दारू पचवणारे डोळ्यांसमोर असतात म्हणून आपल्याला वाटतं सवयीने परिणाम घटेल, इथे उलटंच. हेच सेन्सिटायझेशन. मध्ये दोन आठवडे काही दिलं नाही, तरी पुढच्या एका डोसला पुन्हा सुसाट. त्यातही इंजेक्शन मिळायचं त्याच पेटीत ठेवलं तर अधिकच.

व्हीटीएपण (मध्यमेंदूतला डोपामिन पेशींचा भाग) जमलं. 2001 चा अंगलेस, बोन्ची वगैरेंचा पेपर: एकाच इंजेक्शनने डोपामिन पेशींवरचं अँपा-एनएमडीए गुणोत्तर (ग्लुटामेटच्या दोन ग्राहींच्या प्रतिसादांचं; वाढलं की सिनॅप्स बळकट धरतात) वाढतं, 5 दिवसांनीही वाढलेलं असतं, 10 दिवसांनी नसतं.

गाडं अडलंय व्हीटीएचं डोपामिन जिथे पोचतं त्या न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्सपाशी. मार्क थॉमस यांच्या प्रयोगशाळेच्या 2007 च्या पेपरात 5 दिवस कोकेन, मग 10 ते 14 दिवस खंड. तेव्हा शेलमधले (त्याच्या बाहेरच्या भागातले) सिनॅप्स बळकट झालेले. आणि पुन्हा एक डोस दिला की दुसऱ्या दिवशी तेच अशक्त! पण त्याच डोसला उंदीर सगळ्यात जास्त पळतो ना? मॅडमनी हेच विचारलं तर?

प्रतिसाद १
अगं, पळणं मोजलं डोस दिल्या दिल्या, सिनॅप्स मोजला दुसऱ्या दिवशी मेंदूच्या कापात. दोन्ही एकाच क्षणाचे धरू नकोस. दुसरं, अ‍ॅक्युम्बेन्सच्या मीडियम स्पायनी पेशी (तिथल्या मुख्य पेशी) गाबा हे रसायन सोडतात, म्हणजे पुढच्या पेशींना दाबतात. त्यांना मिळणारी उत्तेजना घटली म्हणून हालचाल घटेल असं सरळ गणित नाही. त्यात डोपामिनच्या ग्राहीनुसार डी१ आणि डी२ असे दोन प्रकार, वेगवेगळं वागणारे. सरसकट मोजलं की सरासरी हाती येते. आणि तिथेही मोजलंय ते अँपा-एनएमडीए गुणोत्तरच: अँपा घटला का एनएमडीए वाढला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

धागाकर्ती
खूप आभार! म्हणजे स्लाइड ७ वरचा ‘बळकट सिनॅप्स, म्हणून जास्त पळणं’ हा बाण चुकीचा. तिथे आता दिवसांची पट्टी काढते, कोणत्या दिवशी काय मोजलं ती. डी१-डी२ वर कुणी साधी आकृती सुचवेल का? गुरुवार रात्रीपर्यंत चालेल.