शब्दचर्चा : ‘पाडाव’, ‘माघार’ की ‘अंमल उठणे’?

प्रश्न : ‘इ.स. ४१० मध्ये ब्रिटनमधील रोमन सत्तेचा पाडाव झाला’ असे एके ठिकाणी वाचले. दुसरीकडे त्यालाच ‘रोमनांची माघार’ म्हटले आहे. कोणता शब्द योग्य मानावा?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नकोत. ‘पाडाव’ म्हटले की तो करणारा विजेता आला, आणि ४१० साली ब्रिटनमध्ये असा विजेता नव्हता. सॅक्सन या जर्मानिक टोळ्यांची राज्ये उभी राहिली ती बरीच नंतर. ‘माघार’ म्हटले की तिचा हुकूम देणारा हवा. सैन्य बेटावरून गेले हे खरे, परंतु ते टप्प्याटप्प्याने, आणि पुष्कळदा तेथल्याच सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेपायी गेले : ३८३ साली मॅग्नस मॅक्सिमस सम्राटपदावर हक्क सांगत गॉलमध्ये (साधारणपणे आजचा फ्रान्स) उतरला आणि ४०७ साली तिसऱ्या कॉन्स्टन्टाइनने तोच कित्ता गिरवला. पुढे ब्रिटनवासीयांनी रोमन अधिकाऱ्यांना घालवून दिले, असे झोसिमस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. सम्राट होनोरियसने नगरांना ‘आपले रक्षण आपणच करा’ असे कळवल्याचेही तोच नोंदवतो; मात्र ते पत्र दक्षिण इटलीतील ब्रुटियमला उद्देशून असावे, असे काही अभ्यासकांचे मत असल्याने ४१० या सालावर फार भार टाकू नये.

म्हणून मी ‘अंमल उठणे’ सुचवतो. आपल्याकडील इतिहासलेखनात अंमल बसतो आणि उठतो, आणि ‘उठणे’ला कर्ता दाखवावाच लागतो असे नाही. शिवाय अंमल म्हणजे केवळ फौज नव्हे. वसुली, पगार, नाणे हे सारे त्यात येते. सफोकमधील हॉक्सन येथे १९९२ साली सापडलेल्या सुमारे १५,००० नाण्यांपैकी चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत, पण सम्राटाचा मुखवटा शाबूत ठेवलेला आहे. नव्या नाण्यांची आवक आटली तेव्हा जुनीच नाणी अशी पुरवून वापरली गेली. या अवस्थेला ‘पाडाव’ कसे म्हणावे?

दुसरे मत : सहमत आहे, तथापि ‘माघार’ सरसकट बाद करू नये. डॅन्यूबकाठच्या नोरिकम प्रांतातील रोमन रहिवाशांना ४८८ साली इटलीचा तेव्हाचा राजा ओडोअकर याच्या हुकुमाने इटलीत हलवण्यात आले. तेथे हा शब्द चालेल. अर्थात अंमल तेथूनही आधीच उठला होता. संत सेव्हेरिनसच्या चरित्रात युगिप्पियस लिहितो की बाटाविस, म्हणजे आजचे पासाऊ, येथील तुकडीचे काही शिपाई सोबत्यांचा अखेरचा पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेतच मारले गेले; ही बातमी ठाण्यावर पोहोचली ती नदीतून वाहत आलेल्या प्रेतांमुळे.

पहिले उत्तरदाते : ही पुस्ती मान्य. ‘रोमनांचा अंमल’ याऐवजी ‘रोमचा अंमल’ लिहिणे मात्र बरे, कारण २१२ सालच्या सम्राट काराकालाच्या फर्मानाने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवासी रोमन नागरिक झाले होते, आणि अंमल उठल्यावरही ब्रिटनमधील ही माणसे तेथेच राहिली.