कर्टोलीचे पराग आणि फळमाशी

कुंडीतील कर्टोलीला फुले भरपूर येतात, मात्र फळ धरत नाही, आणि धरलेच तर पिवळे पडून गळते, अशी गच्चीवर बाग करणाऱ्या दोघांची तक्रार आहे. माझ्या मते या दोन स्वतंत्र अडचणी आहेत.

पहिली परागाची. कर्टोलीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. त्यामुळे एकच वेल लावून फळाची वाट पाहणे व्यर्थ असते. मादी फुलाच्या देठाशी काटेरी, इवलेसे फळ दिसते, नर फुलाला ते नसते. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो. रानातील कर्टोलीची फुले संध्याकाळी उमलतात व परागीभवन निशाचर पतंग करतात, आणि ते शहरातील उजळलेल्या गच्चीवर येतीलच असे नाही. म्हणून अंधार पडताना नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या पराग धरणाऱ्या टोकावर, हलकेच टेकवावेत. बियांपासून वाढवलेला वेल नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, यास्तव मादी वेलाचा कंद मिळवणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण फळमाशीची. ती कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि पुढे मातीत कोष करतात. तेव्हा गळलेली फळे कुंडीत पडू देऊ नयेत. क्यू ल्यूर या माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याच्या सापळ्यात फक्त नर माश्या सापडतात, अंडी घालणाऱ्या माद्या नाहीत, त्यामुळे फळ धरताच त्यावर कागदी पिशवी चढवणे मला अधिक भरवशाचे वाटते, जरी शेजारी हसतात.